एकशे अठरावा क्रमांक

गेल्या वर्षी आमच्या विभागाची खोली बदलली, तेव्हा जुने लोखंडी कपाट रिकामे करण्याचे काम आम्हा दोघांवर आले. त्यात एम. ए.च्या विद्यार्थ्यांचे बांधीव प्रकल्प होते. काळे पुठ्ठे, सोनेरी अक्षरे, आणि आत बहुधा कोणीही दुसऱ्यांदा न वाचलेली पाने. त्यांत २००९-१० सालचा एक प्रकल्प होता. मुळशी धरणाच्या मागल्या अंगाच्या एका वाडीतील जात्यावरच्या ओव्यांचे ते संकलन होते. सहज चाळताना लक्षात आले की ओवी क्रमांक एकशे सतरानंतर थेट एकशे एकोणीस येते. एकशे अठरा नाही. प्रथम आम्हाला ती टंकलेखनातली चूक वाटली. मग आठवले.

त्या जागी एक गाणे होते. कच्च्या प्रतीत त्यावर तिरपी लाल रेघ मारून आम्ही समासात लिहिले होते, ‘हे लोकसाहित्य नव्हे. वगळावे.’ अक्षर आमच्यापैकी कोणाचे, हे येथे सांगणार नाही, कारण मत दोघांचेही होते. विद्यार्थ्याने गाणे वगळले, पण पुढचे क्रमांक बदलले नाहीत. तो आळस होता की निषेध, हे आम्ही त्याला पुढे विचारले. ते उत्तर यथावकाश येईल.

हा विद्यार्थी मुळात ओव्यांचा विषय घेऊन आलाच नव्हता. त्याने आणलेल्या कागदावर विषय होता, ‘आमच्या भागातील वरातीची गाणी’. आधी बँड, मग बेंजो, मग डॉल्बी आणि डीजे. वाद्ये बदलली तशी गाणी कशी बदलली, हे त्याला लिहायचे होते. आम्ही हसलो नाही, एवढेच आमच्या बाजूने सांगता येईल. आम्ही त्याला समजावले की वरातीत वाजते ते बाजाराचे गाणे आहे. त्याला परंपरा नाही आणि वाङ्मयीन मूल्यही नाही. “तुझ्या घरात जाते आहे, आजी आहे. मुळशीत जन्मून ओव्या सोडून डीजेच्या मागे कशाला लागतोस?” असे आम्ही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि “बरं, मॅडम” म्हणून गेला.

आमच्या सल्ल्याला आधार होता, हेही नोंदवले पाहिजे. ओव्यांच्या अभ्यासात मुळशीच्या डोंगराळ भागाचे स्थान मोठे आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकात या परिसरातील कष्टकरी बायकांबरोबर काम करताना ओव्या गोळा करायला सुरुवात केली. ते काम पुढे महाराष्ट्रभर पसरले, हजाराहून अधिक गावांत गेले आणि एक लाखाहून अधिक ओव्यांची नोंद झाली. १९९०च्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइटवाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली गेल्या. हा ठेवा २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने वाचकांसमोर येत गेला. या संग्रहाचे मोठेपण केवळ संख्येत नाही. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’पासून सरोजिनी बाबरांच्या संपादनांपर्यंत ओवीचा आदर करणारी परंपरा आपल्याकडे होतीच. पण त्या परंपरेत ओवी पुष्कळदा ‘कोणा एका माउलीची’ राहत असे. येथे तिच्यासोबत गाणारीचे नाव आणि गाव आले. अनामिकेला नाव मिळाले.

तेव्हा आम्ही त्या मुलाला चुकीच्या वाटेवर पाठवले असे नव्हे. चूक पुढे झाली. आजीने त्याच्यासमोर दीडशेच्या आसपास ओव्या म्हटल्या. माहेरच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या, पाण्याखाली गेलेल्या शेताच्या. त्यांच्यामध्ये एक गाणे आले. आजीचा थोरला भाऊ लालबागला गिरणीत होता. त्याने एका दिवाळीला चावीचा फोनो आणला होता आणि त्यावर वाजणाऱ्या एका तबकडीवरचे ते गाणे आजीने लहानपणी उचलले होते. पुढे सासरी आल्यावर ती ते जात्यावर म्हणू लागली. चाल तबकडीची, पण ओढ जात्याची. म्हणजे खुंटा जेथे पुढून मागे येई, तेथे मूळ गाण्यात नसलेला एक हेलकावा. एका ठिकाणी तिने त्यात भावाचे नाव घातले होते. नातवाने हे सारे प्रामाणिकपणे टिपणात लिहिले होते. आम्ही ते वाचले आणि रेघ मारली. ओवीच्या संग्रहात तबकडीचे गाणे म्हणजे तांदळात खडा, असे आम्हाला वाटले.

योगायोग असा की त्याच २००९ साली इंग्लंडातील लिव्हरपूल होप विद्यापीठाने बीटल्स, लोकप्रिय संगीत आणि समाज या विषयात एम. ए.चा अभ्यासक्रम सुरू केला. ती बातमी आम्ही शिक्षककक्षात मोठ्याने वाचून दाखवली होती. तेव्हा मात्र आम्ही हसलो होतो. आता बीटल्समध्येही एम. ए. होणार, यावर बराच वेळ विनोद चालले. वास्तविक हसण्यासारखे काही नव्हते. लोकप्रिय संगीताच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९८१मध्ये स्थापन झाली होती. लिव्हरपूल विद्यापीठात या विषयाची स्वतंत्र संस्था १९८८मध्ये उभी राहिली होती. आणि आपल्याकडे? मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा सांभाळलेल्या अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी सांगताना आदिम, लोक, भक्ती, कला यांच्याच पंक्तीला ‘जनसंगीत’ बसवले होते. ज्याला इंग्रजीत पॉप्युलर म्हणतात, त्याला त्यांनी हा नेटका मराठी शब्द दिला. चित्रपटगीतावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथही लिहिला. रानडे आमच्या वाचनात होते. पण वाचनातले रानडे आणि हातातली लाल शाई यांची भेट झाली नव्हती.

रॉकच्या इतिहासाकडे आम्ही वळलो ते पुढे, आणि तेही वाङ्मयाच्या दारातून. २०१६ साली बॉब डिलन यांना साहित्याचे नोबेल मिळाले तेव्हा आमच्या महाविद्यालयात ‘गीत हे साहित्य आहे काय?’ या विषयावर चर्चा ठेवली होती. बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या तयारीत अरुण कोलटकरांची एक मुलाखत पुन्हा हाती आली. आवडते लेखक कोणते, या प्रश्नावर कोलटकरांनी नावांची लांबलचक माळच दिली आहे. तीत ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम आहेत. राम जोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव आहेत. बहिणाबाई चौधरी आहेत. आणि त्याच दमात जॉन लेनन, बॉब डिलन, रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्सही आहेत. लेखकांची यादी मागितल्यावर गाणाऱ्यांची नावे वेगळ्या रकान्यात टाकण्याची गरज कोलटकरांना वाटली नाही. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी स्वतः इंग्रजी गाणी रचून ध्वनिमुद्रित करण्याची धडपड केली होती, हेही पुढे अरविंद कृष्ण मेहरोत्रांच्या संपादनामुळे सर्वांना कळले. कोलटकर आम्ही दरवर्षी शिकवत होतो. त्या यादीचा उत्तरार्ध तेवढा शिकवत नव्हतो.

त्या यादीतील मडी वॉटर्स या नावापाशी आम्ही थांबलो. हा मिसिसिपीतला कापसाच्या मळ्यावरचा मजूर. ऑगस्ट १९४१मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाचे ॲलन लोमॅक्स आणि फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे जॉन वर्क हे लोकगीतांच्या शोधात त्याच्या खोपटापाशी पोहोचले आणि त्यांनी त्याचा आवाज मुद्रित केला. लोकसाहित्याच्या दृष्टीने तो एक ‘नमुना’ होता. १९४३मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या गोंगाटाच्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेवर चालणारी गिटार घेतली. १९४८पासून त्याच्या तबकड्या खपू लागल्या. १९५०च्या त्याच्या एका गाण्यावरून १९६२मध्ये इंग्लंडातील काही पोरांनी आपल्या वाद्यवृंदाचे नाव ‘रोलिंग स्टोन्स’ ठेवले. माणूस एकच. १९४१मध्ये तो लोकगायक आणि १९४८मध्ये बाजाराचा गायक. मधल्या सात वर्षांत नेमकी कोणत्या दिवशी त्याची परंपरा संपली?

याहून आम्हाला जे लागले ते पुढचे. तेव्हाच्या नोंदींत मडी वॉटर्सच्या गाण्यांची यादी आहे. तीत ब्लूजबरोबर जीन ऑट्री या घोडेस्वारी चित्रपटांतल्या गायकाची गाणीही आहेत. म्हणजे मळ्यावरचा हा मजूर सिनेमाचे गाणे गात होता आणि नोंद करणाऱ्यांनी ते लिहून ठेवले. फिस्कचेच लुईस जोन्स यांनी तर आणखी एक काम केले. जवळच्या क्लार्क्सडेल गावातील करमणुकीच्या ठिकाणी नाणे टाकून गाणी वाजवणारी यंत्रे होती. त्या यंत्रांत कोणकोणत्या तबकड्या आहेत, याची त्यांनी ठिकाणवार यादी केली. त्या यादीत शहरी नृत्यसंगीताच्या नि जाझच्या तबकड्या मुबलक होत्या. ब्लूजच्या माहेरघरी लोक काय ऐकत होते, हे आज कळते ते या रुक्ष यादीमुळे. वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हस्तलिखिते कित्येक दशके धूळ खात पडली आणि २००५मध्ये ग्रंथरूपाने आली. पण ती पडून राहिली होती; कोणी त्यांवर रेघ मारली नव्हती.

आमच्या लक्षात आले की ‘वरातीची गाणी’ हा विषय घेऊन आलेला तो मुलगा लुईस जोन्स यांचेच काम करू पाहत होता.

येथे मुळशीच्या पाण्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. वीज आली आणि जाते थांबले, हे वाक्य आम्ही लोकसाहित्याच्या तासाला वर्षानुवर्षे उच्चारत आलो. पण ती वीज कोठून आली, हे या तालुक्यात तरी सांगायला हवे होते. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१च्या रामनवमीला येथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली तो १९२४पर्यंत चालला आणि अखेर हरला. राजेंद्र व्होरा यांनी त्याचा साक्षेपी इतिहास लिहिला आहे. पन्नासच्या आसपास गावांना धरणाची झळ लागली. ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजगृहात उतरले आणि १९२७पासून त्याची वीज मुंबईकडे गेली. मुंबईत त्या काळी विजेवर गिरण्या चालत होत्या, ट्राम आणि लोकल धावू लागल्या होत्या. मावळपट्ट्यातली माणसेही पोटासाठी तिकडेच गेली. कोणी गिरणीत शिरले, कोणी डबे वाहू लागले. गिरणगावातच १९४४मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. गावाकडून नेलेली ओवी, पोवाडा आणि वग तेथे ध्वनिक्षेपकासमोर आले. तबकडीवर चढलेले गाणे दिवाळीच्या सुटीत चावीच्या फोनोतून पुन्हा घाट चढून गावात आले. धरणकाठच्या वाड्यांना त्या पाण्याची वीज मिळण्यासाठी मात्र दशके जावी लागली. ती आली तेव्हा पिठाची गिरणी आली, पाठोपाठ कर्णा आला आणि शेवटी डॉल्बीच्या भिंती आल्या.

म्हणजे आजीच्या त्या एका गाण्यात, एकशे अठराव्या क्रमांकात, हा सबंध प्रवास होता. ज्या पाण्याने माहेरचे शेत बुडवले, त्या पाण्याच्या शहरात भाऊ गेला. त्या शहरातले गाणे तबकडीतून घरी आले, आणि बहिणीने त्याला जात्याच्या फेऱ्यावर बसवून त्यात भावाचे नाव घातले. लोकगीत आणि जनगीत यांच्यामधली भिंत येथे एका बाईने, दळता दळता, ओलांडली होती. आणि वाङ्मयेतिहासाच्या दोन अध्यापकांनी ती पुन्हा बांधून काढली.

गाणे कोणते होते? सांगता येत नाही. कच्ची प्रत उरली नाही. ज्या मोबाइलवर आवाज टिपला होता, त्याचे कार्ड केव्हाच खराब झाले. आजी २०१४मध्ये गेल्या.

दिवाळीनंतर आम्ही त्याला भेटायला गेलो. आता त्याचा मंडप आणि साउंडचा धंदा आहे. पिरंगुटच्या पुढे रस्त्यालगत गाळा आहे, आत पेट्या रचून ठेवल्या आहेत. त्याने खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला. आम्ही एकशे अठराव्या क्रमांकाचे विचारले तेव्हा तो संकोचला. “सर, तो आकडा आजीचा होता. तुम्ही गाणं काढा म्हणालात, काढलं. आकडा काढा म्हणाला नव्हता.”

मग आम्ही त्याच्या जुन्या विषयाबद्दल विचारले. त्याने टेबलाच्या खणातून लांबट हिशेबाच्या वह्या काढल्या. पहिली २००३ची. तेव्हा तो चुलत्याच्या बेंजो पार्टीत होता. प्रत्येक सुपारीची नोंद आहे. तारीख, गाव, पार्टी मुलाकडची की मुलीकडची, ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम. आणि त्यापुढे गाण्यांची नावे. कोणते गाणे पुन्हा वाजवायला लावले, कोणत्या गाण्यावर भांडण झाले, कोणते गाणे कोणत्या वाडीत लावायचे नाही आणि कोणत्या वस्तीत ते लावल्याशिवाय वरात हलत नाही. हे त्याने अभ्यासासाठी नव्हे, धंद्यासाठी लिहिले. चूक झाली तर मार खावा लागतो, असे तो हसत म्हणाला. पण ती पाने उलटताना आमचे हसू मावळले. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीची पाने वेगळी, उरुसाची वेगळी. जमिनींचे व्यवहार वाढले त्या वर्षांत सुपारीच्या रकमा वाढतात, पेट्यांची संख्या वाढते आणि गाण्यांत गुंडगिरीची शेखी वाढते. २०१८च्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाचे गाणे त्या हंगामात जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. जमीन विकून रस्त्यावर आलेल्या पोरांची शोकांतिका सांगणारा तो चित्रपट, आणि त्याचे गाणे जमीन विकून झालेल्या लग्नांत नाचायला. हा विरोधाभास आम्हाला कोणत्याही समीक्षेत इतका उघडा दिसला नव्हता. २०२०ची पाने जवळजवळ कोरी आहेत.

आम्ही डीजेचे गुणगान करायला बसलो आहोत, असा समज कृपया होऊ नये. या गाण्यांत पुष्कळ गाणी सुमार आहेत, काही बायकांविषयी किळसवाणी आहेत, आणि त्या भिंतींच्या आवाजाने म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धडधडते हे आम्हीही अनुभवले आहे. परंतु अभ्यास म्हणजे सत्कार नव्हे. लावणीला शिष्टसमाजाने अश्लील म्हणून दूर ठेवलेच होते, म. वा. धोंडांनी १९५६मध्ये ‘मऱ्हाटी लावणी’ लिहिली ती तिची आरती म्हणून नव्हे. आज अभ्यासक्रमात जे जे प्रतिष्ठेने नांदते आहे, त्याच्या समासात केव्हा ना केव्हा कोणीतरी ‘वगळावे’ असे लिहिलेले होते.

अडचण आहे ती पद्धतीची. आम्ही मराठीचे अध्यापक गाणे दिसले की त्याची कविता करतो. शब्द कागदावर उतरवतो, प्रतिमा शोधतो, आणि प्रतिमा सापडली नाही की गाणे निकस ठरवतो. डिलनवरच्या त्या चर्चेतही आम्ही हेच केले होते. आवाजाचा, वाद्याचा, यंत्राचा विचार न करता दोन तास बोललो आणि त्या मुलाची आठवणही आली नाही. जनसंगीताच्या इतिहासाला दुसरे प्रश्न विचारावे लागतात. हे गाणे कोणत्या यंत्रातून आले? पैसे कोणी दिले? कोण नाचले, कोणाला नाचू दिले नाही? ऐकणाऱ्याने त्याचे पुढे काय केले? ओव्यांच्या संग्राहकांनी गाणाऱ्या बाईला नाव मिळवून दिले. जनसंगीतात गाणाऱ्याचे नाव तबकडीवर छापलेलेच असते. येथे अनाम राहतो तो ऐकणारा. त्याचे नाव शोधणे हेच या अभ्यासाचे काम असावे, असे आम्हाला आता वाटते.

लवळ्याच्या टेकडीवर मोठी खासगी विद्यापीठे उभी आहेत. लिव्हरपुलात बीटल्स शिकवतात. आमच्या लहान विभागाला रॉकचा इतिहास शिकवण्याचा अधिकार नाही आणि तेवढी तयारीही नाही. पण यंदा एम. ए.च्या प्रकल्पांसाठी आम्ही एक विषय फलकावर लावला आहे, ‘मुळशी तालुक्यातील वरातीची गाणी’. दोन मुलींनी तो घेतला आहे. वह्या पाहायला द्यायला तो तयार आहे. त्याची अट एकच, गावांची आणि माणसांची नावे छापायची नाहीत. ती आम्ही मान्य केली.

काळ्या पुठ्ठ्याची ती प्रत आम्ही नव्या कपाटात ठेवली. ठेवण्यापूर्वी एकशे सतरा आणि एकशे एकोणीस यांच्यामध्ये एक चिठ्ठी चिकटवली. तीवर लिहिले, ‘११८. येथे एक गाणे होते. ते तबकडीवरून शिकलेले होते आणि जात्यावर म्हटले जात असे. ते वगळण्याचा निर्णय मार्गदर्शकांचा होता.’ खाली दोघांनी सह्या केल्या. या वेळी निळ्या शाईने.